दुमडणारा डीएनए जिवाणूत टिकवायचा कसा: पहिल्यांदा क्लोनिंग करणाऱ्यांसाठी

शहापूर-वडगावकडच्या मागावरची साडी मधोमध दुमडली की एका काठावर दुसरा काठ चपखल बसतो, कारण दोन्ही काठ एकमेकांचे आरशातले रूप असतात. डीएनएचे काही तुकडे असेच विणलेले असतात. दुमडले की एक बाजू दुसऱ्या बाजूवर अक्षराला अक्षर जुळवून बसते आणि केसात खोचायच्या आकड्यासारखा आकार तयार होतो. इंग्रजी पुस्तकात त्याला हेअरपिन म्हणतात, आपण इथे आकडाच म्हणू. नळीत ठेवलेल्या डीएनएला या आकड्याचा काही त्रास नाही. क्लोनिंगसाठी, म्हणजे त्याच्या भरपूर प्रती काढण्यासाठी, तो ई. कोलाय जिवाणूत घातला की त्रास सुरू होतो. कधी थाळीवर एकही कॉलनी, म्हणजे एका पेशीपासून वाढलेला जिवाणूंचा ठिपका, येत नाही. कधी भरपूर येतात, पण आतला नेमका हवा असलेला तुकडा कापून टाकलेला असतो.

खानापूर, निपाणी, अथणीकडून बेळगावात एम.एस्सी.ला येणारी पुष्कळ मुले दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली असतात. पुस्तकात या विषयावर दोनच ओळी असतात आणि त्याही इंग्रजीत. मग मुले एकच क्लोनिंग पाच-पाच वेळा करतात आणि आपल्या हातालाच यश नाही असे समजून खचतात. मी स्वतः त्यातून गेले आहे. हातात दोष नसतो. जिवाणू त्याच्या नियमाने वागत असतो, आणि तो नियम कळला की काम बरेच सोपे होते. म्हणून हे सगळे मराठीत, क्रमाने लिहिते आहे.

पहिली पायरी: तुमच्या तुकड्यात सममिती आहे का, ते बघा

"ती होडी जाडी होती" हे वाक्य उलटे वाचा. तेच येते. शाळेत आपण याला विलोमपद म्हणायचो. डीएनएचे विलोमपद थोडे वेगळे असते आणि नवखे इथेच फसतात. डीएनएत एकच धागा उलटा वाचायचा नसतो. समोरच्या धाग्यावरची जोडीदार अक्षरे उलट दिशेने वाचायची असतात. ईकोआरवन हे एन्झाइम जिथे कापते ती सहा अक्षरे घ्या: जी-ए-ए-टी-टी-सी. एसमोर टी आणि जीसमोर सी लिहीत गेलात की समोरचा धागा होतो सी-टी-टी-ए-ए-जी. तो उलट्या टोकाकडून वाचा: जी-ए-ए-टी-टी-सी. ही खरी सममिती.

आता वाक्यातल्या मधल्या "जा"कडे बघा. तो एकटा आहे, त्याला जोडीदार नाही. डीएनएच्या परिपूर्ण विलोमपदात असे एकटे अक्षर मध्ये बसूच शकत नाही, कारण ते स्वतःचेच जोडीदार असावे लागेल आणि एचा जोडीदार ए कधीच नसतो. म्हणून परिपूर्ण विलोमपदाची अक्षरसंख्या नेहमी सम असते. दोन बाजूंच्या मध्ये काही वेगळी अक्षरे असली तर त्या मधल्या भागाला स्पेसर म्हणतात. हा "जा" लक्षात ठेवा. पुढे तोच आपल्या उपयोगी पडणार आहे.

तपासायची रीत सोपी आहे. तुमचा क्रम आणि त्याचाच उलट-पूरक क्रम एकमेकांसमोर ठेवून डॉट प्लॉट काढा. तिरकी रेघ दिसली की तिथे सममिती आहे. एम्बॉस या मोफत संचातला ई-इन्व्हर्टेड (einverted) नावाचा प्रोग्रॅम हेच काम करून मोजमापेही देतो. तीन गोष्टी वहीत लिहा: प्रत्येक बाजूची लांबी, स्पेसरची लांबी आणि दोन्ही बाजू किती तंतोतंत जुळतात.

एन्झाइमच्या सहा अक्षरांच्या जागा कुठलाही जिवाणू सहज सांभाळतो. जनुक गप्प करण्यासाठी वापरतात त्या शॉर्ट हेअरपिनच्या १९ ते २९ अक्षरांच्या बाजूही बहुतेक वेळा टिकतात, सीक्वेन्सिंग मात्र त्रास देते. परिपूर्ण विलोमपद एकूण दीडशे अक्षरांच्या वर गेले की प्रयोगशाळेतल्या साध्या जातीत (स्ट्रेनमध्ये) ते टिकेल अशी आशा ठेवू नका. मधल्या लांबीला खालची सगळी काळजी घ्यायची. जनुकोपचारात वापरतात त्या एएव्ही विषाणूच्या टोकांचा आयटीआर, म्हणजे टोकाला असलेला असाच दुमडणारा क्रम, १४५ अक्षरांचा असतो. त्यातली १२५ अक्षरे दुमडून इंग्रजी टीसारखा आकार करतात आणि एका प्लास्मिडवर, म्हणजे तुकडा जिवाणूत वाहून नेणाऱ्या डीएनएच्या गोल कड्यावर, असे दोन आयटीआर असतात. हे काम करणाऱ्यांनी पुढची प्रत्येक पायरी वाचावी.

एकाच दिशेने दोनदा आलेला क्रम, म्हणजे थेट पुनरावृत्ती, हे वेगळे दुखणे आहे. त्याचे औषधही वेगळे. चुकीची जात मागवली जाते ती बहुतेक वेळा या दोहोंत गल्लत झाल्यामुळे.

जिवाणूच्या आत काय घडते

ही पायरी नाही, पण ही समजल्याशिवाय पायऱ्या पाठ करण्यात अर्थ नाही.

डीएनएची नक्कल होताना एक धागा सलग तयार होतो आणि दुसरा तुकड्या-तुकड्याने. जिवाणूत हे ओकाझाकी तुकडे साधारण एक ते दोन हजार अक्षरांचे असतात. तुकड्याने तयार होणाऱ्या बाजूचा साचा त्या काळात काही क्षण एकेरी आणि उघडा राहतो. एकेरी धाग्याला जोडीदार हवा असतो. समोर कोणी नसेल तर तो स्वतःवरच दुमडतो आणि आकडा तयार होतो.

यानंतर दोन गोष्टी होऊ शकतात. ई. कोलायकडे एसबीसीसीडी नावाचे एक एन्झाइम आहे. आकडा दिसला की ते तिथे कापते. दोन्ही धागे तुटतात. पेशी शेजारची नक्कल बघून तो तुटलेला भाग सांधायचा प्रयत्न करते. सांधता आला तर ठीक, नाही तर प्लास्मिडच जातो. तुमची थाळी कोरी राहते ती बऱ्याचदा यामुळे. माणसाच्या पेशीत एमआरई११ आणि रॅड५० ही प्रथिने याच घराण्यातली आहेत, म्हणजे हा पहारेकरी फार जुना आहे.

दुसरी शक्यता म्हणजे घसरण. आकड्याच्या पायथ्याशी दोन्हीकडे चार-सहा अक्षरांचा सारखा क्रम असेल, तर नक्कल करणारे यंत्र एका बाजूवरून थेट दुसऱ्या बाजूवर उडी मारते. मधला आकडा नकलेत येतच नाही. ही घसरण रेकए या पुनर्जोडणीच्या प्रथिनावर फारशी अवलंबून नसते. म्हणूनच "जात रेकए नसलेली घेतली, आता काळजी नाही" हे वाक्य मला दरवर्षी खोडावे लागते. डीएच५-अल्फा या नेहमीच्या जातीत रेकए निकामी असते, पण एसबीसीसीडी शाबूत असते.

एसबीसीसीडीचा शोध कसा लागला तेही सांगण्यासारखे आहे. १९८३ मध्ये डेव्हिड लीच आणि फ्रँकलिन स्टाल यांनी लॅम्डा विषाणूत लांब विलोमपद घालून दाखवले की काही विशिष्ट न्यूक्लिएज (डीएनए कापणारी एन्झाइमे) नसलेल्या जिवाणूतच तो विषाणू जगतो. हे स्टाल तेच, ज्यांचा मेसेल्सनबरोबरचा १९५८ चा प्रयोग आपण बी.एस्सी.ला पाठ करतो. पुढे १९८८ मध्ये लीच आणि सहकाऱ्यांनी नेमके बोट ठेवले: एसबीसीसी जनुक बिघडलेल्या जिवाणूत लांब विलोमपद टिकते.

दुसरी पायरी: जात निवडा

सममितीसाठी एसबीसीसी बिघडवलेली जात हवी. बाजारात मिळणारी नेहमीची जात म्हणजे शुअर. तिच्यात एसबीसीसीबरोबर रेकबी, रेकजे, यूएमयूसी आणि यूव्हीआरसी ही जनुकेही निकामी केलेली आहेत. पण मागवण्याआधी तुमच्या प्लास्मिडवर कुठल्या प्रतिजैविकाचे जनुक आहे ते बघा. शुअर मुळातच कॅनामायसिन आणि टेट्रासायक्लिनला दाद देत नाही. शुअर-२ तर कमी मात्रेतल्या क्लोरॅम्फेनिकॉललाही पुरून उरते. तुमचा प्लास्मिड कॅनामायसिनवर निवडायचा असेल तर थाळीवर गवतासारखी वाढ होईल आणि त्यातून काहीच कळणार नाही. अशा वेळी प्रतिजैविकाचे जनुक बदललेला प्लास्मिड घ्या.

एसटीबीएल३ ही जात सगळीकडे दिसते. ती लेन्टिव्हायरसच्या टोकांसाठी, म्हणजे थेट पुनरावृत्तीसाठी, चांगली आहे. एएव्हीच्या आयटीआरसाठीही लोक ती वापरतात आणि कमी तापमानात काळजीपूर्वक वाढवली तर कामही होते. पण तिच्यात एसबीसीसीडी शाबूत असते. परिपूर्ण आणि लांब विलोमपद असेल तर माझी पसंती शुअरलाच.

या पेशी आपल्याकडे बेंगळुरू किंवा पुण्याहून सुक्या बर्फात येतात. खोका आला की आधी बर्फ शिल्लक आहे का ते बघा आणि मगच सही करा. पेशी वाटेत एकदा वितळल्या की त्यांची डीएनए आत घेण्याची क्षमता घसरते. साध्या क्लोनिंगला ते चालून जाते, इथे नाही, कारण बरोबर कॉलनी मुळातच मोजक्या असतात. पहिल्याच दिवशी मोजलेला पीयूसी१९ प्लास्मिड घालून क्षमता तपासा.

तिसरी पायरी: वाहक प्लास्मिड

एका पेशीत जितक्या प्रती, तितक्या वेळा नक्कल. जितक्या वेळा नक्कल, तितक्या वेळा आकडा होण्याची संधी. पीयूसी कुळातल्या प्लास्मिडच्या पेशीमागे ५०० ते ७०० प्रती असतात, पीबीआर३२२च्या १५ ते २० आणि पीएससी१०१च्या पाचच्या आसपास. डीएनए कमी मिळाला तरी चालेल, कमी प्रतींचा प्लास्मिड घ्या. मोठ्या फ्लास्कमध्ये वाढवून ती कसर भरून काढता येते, गेलेला तुकडा मात्र परत येत नाही.

अँपिसिलिनऐवजी कार्बेनिसिलिन वापरा. त्याचे लवकर विघटन होऊन ते निष्प्रभ होत नाही, त्यामुळे मोठ्या कॉलनीभोवती उगवणाऱ्या बारीक उपऱ्या कॉलन्यांचा घोळ कमी होतो. पाचव्या पायरीत बारीक कॉलन्यांचे महत्त्व कळेल तेव्हा हे पटेल.

चौथी पायरी: बांधणी करताना सममिती मोडा

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही पायरी. जिवाणूशी भांडण्यापेक्षा तुमचा क्रम थोडा बदलणे नेहमी सोपे असते.

दोन बाजूंच्या मध्ये "जा" घाला. साधारण ५० ते १५० अक्षरांचा असमान स्पेसर असला तरी जिवाणूत टिकण्याची शक्यता खूप वाढते, कारण दोन टोके एकमेकांना शोधेपर्यंत वेळ जातो आणि आकड्याचे तोंड बंद होत नाही. चिकोडी-रायबागचा ऊस आणि निपाणीची तंबाखू बघत मोठ्या झालेल्या मुलांना याचे उदाहरण जवळचे वाटेल. कॅनबेराच्या सीएसआयआरओ संस्थेत वॉटरहाउस आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये तंबाखूच्या रोपात एकाच जनुकाचा सुलट आणि उलट आरएनए एकत्र तयार करवून विषाणूला रोखून दाखवले. २००० मध्ये त्याच गटाने दोन बाजूंच्या मध्ये इंट्रॉन बसवला. जिवाणूत तो इंट्रॉन स्पेसरचे काम करतो. रोपात गेल्यावर तो आरएनएतून छाटला जातो आणि दुहेरी आरएनए तयार होतो, शिवाय जनुक गप्प होण्याचे प्रमाणही वाढते. पीहॅनिबल हा वाहक याच कल्पनेवर उभा आहे. रोपांवर काम करणार असाल तर पहिल्यापासून असाच वाहक घ्या.

शॉर्ट हेअरपिनमध्ये आणखी एक युक्ती चालते. आरएनएत जीची जोडी यूशीही जमते. म्हणून सुलट बाजूतल्या एक-दोन सींच्या जागी टी लिहिला तर आरएनए दुमडतो, पण डीएनएतली जुळणी तिथे तुटते. मार्गदर्शक धागा, म्हणजे जनुक गप्प करणारी उलट बाजू, मात्र अजिबात बदलायचा नाही.

आयटीआरसारखा क्रम बदलता येत नाही. तिथे बाकीच्या पायऱ्यांवरच भिस्त.

दोन्ही बाजू एका पीसीआरमध्ये (नळीतच डीएनएच्या प्रती काढण्याच्या पद्धतीत) वाढवायला जाऊ नका. नक्कल करणारे पॉलिमरेज एन्झाइम आकड्यापाशी अडखळते आणि अर्धवट तुकडे मिळतात. एक बाजू आधी घाला, ती तपासा, मग दुसरी बाजू वेगळ्या एन्झाइमने घाला. बाहेरून तयार जनुक मागवणार असाल तरी दोन अर्धे वेगळे मागवा, कारण लांब सममिती दिसली की ऑर्डर सहसा परत येते. ऑलिगो (डीएनएचे छोटे एकेरी तुकडे) जुळवायचे असतील तर दाट द्रावण घ्या, ९५ अंशांवर तापवा आणि सावकाश थंड होऊ द्या. पातळ द्रावणात प्रत्येक ऑलिगो दुसऱ्याला भेटण्याआधी स्वतःवरच दुमडतो.

पाचवी पायरी: पेशीत घालणे आणि कॉलनी निवडणे

उष्णतेचा धक्का पेशींबरोबर आलेल्या कागदावर लिहिल्याप्रमाणेच द्या. त्यानंतर एसओसी या पोषक द्रावणात तास-दीड तास ३० अंशांवर ठेवा, आणि थाळ्याही ३० अंशांवरच, २४ ते ३६ तास. ३७ अंशांवर वाढ भराभर होते आणि पीयूसी कुळातल्या प्लास्मिडच्या प्रतीही वाढतात. दोन्ही गोष्टी आपल्याला नको आहेत.

इथे बेळगावातली एक अडचण. साध्या इन्क्युबेटरला फक्त तापवता येते, गार करता येत नाही. श्रावणात खोली थंड असते आणि ३० अंश बिनबोभाट मिळतात. एप्रिल-मे मध्ये दुपारी खोलीच ३४ अंशांवर जाते, आणि बटण ३० वर असले तरी आत ३४ च असतात. आत वेगळा थर्मामीटर ठेवा. थंड करणारा इन्क्युबेटर नसेल तर हे काम उन्हाळ्यात रात्री लावा किंवा पावसाळ्यावर ढकला. हे मी गंभीरपणे सांगते आहे.

आता कॉलनी. "मॅडम, मोठ्या कॉलन्या लई छान आल्यात, ह्या बारक्या टाकून देऊ काय?" हा प्रश्न मला दरवर्षी कोणीतरी विचारते. बारक्या टाकू नका. आकडा बाळगणाऱ्या पेशीला प्रत्येक नकलेला अडथळा येतो, म्हणून ती सावकाश वाढते. आकडा फेकून दिलेली पेशी मोकळी होऊन झपाट्याने फोफावते. मी शिकत असताना पहिल्या खेपेला थाळीवरच्या सगळ्यात मोठ्या, तकतकीत कॉलन्या उचलल्या होत्या. प्रत्येकीत एकच कापणी होती, नेमकी त्याच दोन अक्षरांमध्ये. त्या कापणीच्या दोन्ही टोकांना पाच अक्षरांचा सारखा क्रम आहे हे कळेपर्यंत माझे दोन महिने गेले. तेव्हापासून मी लहान, मध्यम, मोठ्या अशा तिन्ही प्रकारच्या कॉलन्या उचलते आणि वहीत प्रत्येकीसमोर आकार लिहिते.

कॉलनी पीसीआरवर निकाल देऊ नका. आकडा गमावलेला प्लास्मिड शंभरात एक असला तरी पीसीआर त्यालाच आधी वाढवते, आणि चांगली कॉलनी वाईट दिसते.

सहावी पायरी: वाढवणे आणि जपून ठेवणे

ताज्या कॉलनीवरून थेट द्रवात जा. द्रवातून द्रवात, तिथून पुन्हा द्रवात अशी साखळी नको, कारण प्रत्येक टप्प्यावर कापले गेलेले प्लास्मिड पुढे सरकतात. ३० अंशांवर वाढवा आणि वाढ थांबल्यावर कल्चर तासन्तास तसेच ठेवू नका. रात्री करंट गेला आणि शेकर बंद पडला तर सकाळी ते कल्चर "बघू या" म्हणून वापरायचे नाही. ऑटोक्लेव्ह करा आणि पुन्हा कॉलनीवरून सुरू करा.

ज्या दिवशी क्लोन बरोबर ठरतो त्याच दिवशी दोन गोष्टी जपा: १५ ते २० टक्के ग्लिसरॉलमध्ये पेशी उणे ८० अंशांवर, आणि शुद्ध प्लास्मिड उणे २० अंशांवर. नंतर गरज पडली की शुद्ध प्लास्मिडच पुन्हा नव्या पेशीत घाला. फ्रिजमधली महिन्याभराची थाळी वापरू नका.

सातवी पायरी: तपासणी

एकाच एन्झाइमने कापून बघणे पुरेसे नाही. एक एन्झाइम असे घ्या जे बाहेर कापते आणि एकूण लांबी दाखवते, दुसरे असे जे नेमके आकड्याच्या आत कापते. आयटीआरसाठी एसएमएवन वापरतात. आयटीआर शाबूत असेल तरच अपेक्षित तुकडे पडतात. एसएमएवन २५ अंशांवर चालते, ३७ वर नाही. ही चूक इतकी सर्रास होते की शाबूत आयटीआरही "गेला" म्हणून फेकले जातात. जेलवर मुख्य पट्ट्यांखाली फिकी पट्टी दिसते का ते नीट बघा. ती असेल तर पेशींत मिसळ झाली आहे. शुद्ध प्लास्मिड पातळ करून पुन्हा पेशीत घाला आणि नव्या एकेकट्या कॉलन्या तपासा.

नेहमीचे सँगर सीक्वेन्सिंग आकड्यापाशी येऊन अचानक थांबते. आधी स्पेसरमध्ये कापून प्लास्मिड सरळ करा आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या प्राइमरने वाचून घ्या. ५ टक्के डीएमएसओ किंवा बीटेन घातल्याने बऱ्याचदा मदत होते. कठीण क्रमासाठी वेगळी पद्धत आहे का, हे नमुना पाठवण्याआधी फोन करून विचारा आणि फॉर्मवर "आकडा आहे" असे स्पष्ट लिहा. नॅनोपोअरने अख्खा प्लास्मिड वाचून घेतलात तर फक्त अंतिम क्रमावर विसंबू नका. तो बहुमताचा असतो. कच्च्या वाचनांच्या लांबीचा आलेख मागवा. दोन शिखरे दिसली तर लहान शिखर कापलेल्या प्लास्मिडचे आहे.

हे काम सुरू करण्याआधी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीला कळवा आणि तिची मंजुरी लागत असेल तर ती घ्या. पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या १९८९ च्या नियमांत ती समिती सांगितलेली आहे. टाकून द्यायचे प्रत्येक कल्चर १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करूनच टाका.

शेवटी कुपीवर काय लिहायचे ते सांगते. फक्त प्लास्मिडचे नाव आणि तारीख नको. जात कुठली, वाढ कुठल्या तापमानाला, कॉलनी लहान होती की मोठी, कुठल्या एन्झाइमने तपासले आणि हा कितवा टप्पा, हे सगळे पेन्सिलीने लिहा. उणे ८० मध्ये शाई पुसट होते, पेन्सिल टिकते.